घरगुती फवारा म्हटला म्हणजे मांजराला चालते, असं नाही ना ताई

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही नागपुरात मनीष नगरला ग्राउंड फ्लोअरला राहतो, समोर छोटंसं अंगण आहे, त्यात जास्वंद, निंबू, वांगे, मिरची, टमाटर, थोडा सांभार (कोथिंबीर) असं काय काय लावलंय. घरी दोन मांजरं आहेत अन् शेरू नावाचा कुत्रा, तिघंही दिवसभर कुंड्यांमध्येच लोळत असतात. यंदा उन्हाळ्यात जास्वंदावर पांढरी कापसासारखी कीड भरून आली, आता पाऊस सुरू झाला तर निंबूची पानं अळ्या खाऊन राहिल्या. नर्सरीवाल्यानं पाण्याच्या बाटलीत औषध भरून दिलं, बकेटीत झाकणभर टाका म्हणाला, पण मला भीती वाटते. सासूबाई म्हणतात तंबाखूचं पाणी मार, शेजारच्या काकू म्हणतात लसूण-मिरची मार, घरगुती आहे, काही होत नाही. जनावरांना त्रास न होता कीड कशी घालवू? आणि एक, मोठी मांजर कूलरच्या टाकीतलं पाणी पिते आणि त्यात डासांच्या अळ्या झाल्यात, त्यात काय टाकू?

उत्तर:

ताई, आधी ती बाटली. उघडू नका, वास घेऊन बघू नका, नालीत ओतू नका. झाकण घट्ट करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा अन् ज्यानं दिली त्यालाच परत नेऊन द्या. कीटकनाशक विकायला लायसन लागते आणि डब्यावर लेबल लागते, हा १९६८ चा कायदा आहे, सुटं औषध पाण्याच्या बाटलीत भरून द्यायचा धंदा मुळात चुकीचा. त्यात नेमकं काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि उद्या काही झालंच तर जनावरांच्या डॉक्टरलाही माहीत होणार नाही, आणि हीच खरी अडचण आहे, ती कशी ते पुढे सांगतो. जुन्या लोकांच्या हाताशी असलेली बरीच औषधं तर आता बंदच आहेत, डायक्लोरव्हॉस म्हणा, फोरेटचे दाणे म्हणा, दोन्हीवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी कोणाच्या तरी शेडमध्ये जुना डबा पडलेला असतोच. आपल्या बाजूच्या यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, ती धडधाकट माणसं होती. तुमचं मांजर चार किलोचं, आणि ते पायाला लागलेलं सगळं चाटून साफ करते.

म्हणजे प्रश्न 'केमिकल की घरगुती' असा नाहीच आहे. जनावरासाठी दोनच गोष्टी बघायच्या, पंजाला-अंगाला लागून चाटण्यात काय जाईल, आणि खायच्या वस्तूसारखा वास कशाला येतो. या दोन प्रश्नांवर बाजारातली काही औषधं नापास होतात आणि सासूबाईंचं तंबाखूचं पाणीही नापास होते.

तंबाखूचंच आधी घेऊ, कारण नागपुरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला, घराघरात, मग उरलेला तंबाखू भिजवून झाडाला मारायचा सल्लाही घराघरात. निकोटीन कीड मारते हे खरं आहे, पण कुत्र्या-मांजरालाही तेवढंच मारते, थोड्याशा प्रमाणात उलट्या, लाळ, थरथर सुरू होते आणि जास्त पोटात गेलं तर श्वास बंद पडतो. पाणी गाळून झाल्यावर चोथा आपण कुठे टाकतो? कुंडीतच ना, खत होईल म्हणून. आणि शेरू कुठे उकरतो? त्यात अजून एक भानगड आहे, तंबाखूतून मोझॅक नावाचा व्हायरस टमाटर-मिरचीला लागतो, खर्रा मळलेल्या हातानं रोपांना हात लावला तरी लागू शकतो. सासूबाईंना जनावराचं सांगून पटत नसेल तर हे टमाटरचं सांगा, ते पटेल बहुतेक.

लसूण-मिरचीत काकूंची चूक थोडी कमी आहे. गाळलेलं पातळ पाणी पानावर मारलं, वाळलं, तर तेवढ्यानं फार काही होत नाही, पण लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, मांजराच्या तर लवकर, आणि शिजवलं तरी तो गुण जात नाही. त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी जनावर सुस्त पडते, हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी गडद होते, तोवर आपण विसरून गेलेले असतो की कुंडीत लसणाचा चोथा टाकला होता. कांद्याच्या सालांचं पाणी खत म्हणून घालतात त्यांनीही सालं कुंडीवर पसरवू नका. मिरचीचं तर काय, ज्याच्या डोळ्यात गेली त्यालाच माहीत. मी तुमच्याकडे हा फवारा सुचवणार नाही, यापेक्षा बरे उपाय आहेत.

बाकीची यादी पटकन सांगून टाकतो. मुंग्यांसाठी फरशीवर फिनाईल: मांजराला वाईट, नकोच. डांबरगोळ्या कुंडीत ठेवणं: नको. कापूर: नको. टी ट्री, लवंग, पेपरमिंट, सिट्रोनेला असली सुगंधी तेलं पाण्यात टाकून फवारायची सध्या फार फॅशन आहे, मांजर असलेल्या घरात नको. मुंग्यांचा पांढरा खडू लोक निर्धास्तपणे दारात ओढतात, त्यातसुद्धा बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असते.

या पायरेथ्रॉइडचं मांजरवाल्यांनी नीट समजून घ्या. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्या घरातली नावं. माणसाला, कुत्र्याला ही औषधं बरीच झेपतात, कारण आपल्या लिव्हरमध्ये ती फोडून बाहेर टाकायची सोय आहे. मांजराच्या लिव्हरमध्ये ती सोय फार तोकडी, म्हणून तेच औषध तिच्या अंगात साचून राहते आणि कान फडफडणं, अंग झटकणं, थरथर, मग थेट फिट्स. त्यामुळे शेरूच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध मांजराला लावायचं नाही हे तर आहेच, पण ज्या दिवशी शेरूला लावलं त्या दिवशी मांजरीला त्याच्या अंगाला चिकटून झोपू देऊ नका, त्याला चाटू देऊ नका. आणि गोचीड झाले म्हणून काही लोक गाई-म्हशींचं औषध आणून पाण्यात कालवून आख्ख्या अंगणात शिंपडतात, ते तर बाप्पा अजिबातच नको.

दुकानात गेल्यावर लोक डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघतात, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. हिरवा-निळा बघून आपण खुश. पण ही वर्गवारी उंदरांसारख्या प्रयोगातल्या प्राण्यांना किती डोस घातक ठरतो त्यावरून ठरते, मांजराला काय होते ते त्या त्रिकोणात लिहिलेलं नसते. म्हणून त्रिकोणापेक्षा त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटकाचं नाव वाचा, शेवटी '-थ्रिन' दिसलं की डबा खाली ठेवा.

आता तुमच्या झाडांकडे येऊ.

जास्वंदावरची पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग. कपाशी, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातले, त्यामुळे २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर ज्या मिलीबगनं देशभर धुमाकूळ घातला तोच आपल्या अंगणातल्या जास्वंदावरही सुखानं नांदतो. याच्या अंगावर मेणाचा थर असतो म्हणून वरवर औषध मारून उपयोग होत नाही, नर्सरीवाल्याची बाटली नुसती वरून मारून बहुधा तेच झालं असतं. सगळ्यात जास्त भरलेले शेंडे सरळ कापून पिशवीत बंद करा, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्या फांद्यांवर सकाळी पाइपनं पाण्याचा जोरदार मारा द्या, पानाच्या मागून, फांदीच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी, हे दर दोन-तीन दिवसांनी. जी पडत नाही ती जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा. त्यानंतर साबणाचा फवारा, १ लिटर पाण्यात साधा लिक्विड साबण ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात निंबूचा सेंट, जंतुनाशक वगैरे काही नसलेला. साबण किडीच्या अंगाला लागला तरच मारतो, वाळला की संपला, म्हणून तर जनावरांसाठी बरा. पण आधी एकाच फांदीवर मारून एक दिवस थांबा, पान करपलं तर अजून पातळ करा, आणि मारल्यावर तासा-दोन तासानं साध्या पाण्यानं धुऊन टाका.

हे सगळं करण्याआधी मात्र चष्मा लावून जवळून बघा बरं. त्या पांढऱ्या गर्दीत एखादी जरा मोठी, अंगभर लांब लांब मेणाचे झुपके असलेली, भराभरा चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका, ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे, दिसते मिलीबगसारखीच आणि खाते मिलीबगलाच. मिलीबग स्वतः जवळपास एका जागी चिकटून बसलेला असतो, चालला तरी रेंगाळत, फरक चालीवरून ओळखायचा. तसंच काही मिलीबग पांढरे न दिसता तपकिरी, फुगलेले, कडक झालेले दिसतील, त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीसारख्या मित्रकिडीनं अंडं घातलेलं असते. असे बरेच दिसले तर त्या फांदीला हातच लावू नका, तुमचं काम कोणी तरी फुकटात करून राहिलं आहे.

आणि मुंग्या. मिलीबग आणि मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) गोड चिकट पाणी सोडतात, मुंग्या त्यासाठी त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हाकलून लावतात. मुंग्यांची वाट बंद केली की अर्धी कीड मित्रकिडीच सांभाळतात. जास्वंदाच्या बुंध्याला कापडाची पट्टी बांधा, तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्या, मांजराची पाठ घासली जाणार नाही एवढ्या उंचीवर, आणि झाडाची फांदी भिंतीला टेकलेली असेल तर ती छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतात. बोरिक अ‍ॅसिड आणि साखरेचं आमिष बरेच जण सांगतात, पण साखर म्हटली की शेरू आला, तुमच्याकडे नको.

निंबूवरच्या अळ्यांना काहीच फवारायची गरज नाही. लहान असताना त्या हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, तपकिरी-पांढऱ्या, म्हणून नजरेतून सुटतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढतात, उग्र वास सोडतात, पण चावत-बिवत नाहीत. सकाळी चहा घेता घेता वेचून काढायच्या. त्यांचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होते, झाड मोठं असेल तर दोन-चार राहू द्या, काही बिघडत नाही. कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी, संत्रावाल्यांना विचारा, नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी आली की ती येतेच. पान वेडंवाकडं होते पण घरच्या झाडाला त्यानं फार फरक पडत नाही, अगदी खराब शेंडे तेवढे तोडा.

वांग्याचा शेंडा अचानक मान टाकून लोंबला तर आत पोखरणारी अळी आहे, लोंबलेल्या जागेच्या बोटभर खाली कापा, चिरून बघा, अळी सापडते. भोक पडलेली वांगी झाडावर ठेवू नका. मिरचीवर मावा असेल तर पाणी आणि साबण पुरते, पण चुरडामुरडा (पानं आक्रसून गोळा होणारा रोग) झालेलं झाड फार आक्रसलं असेल तर जीव न लावता उपटून टाका, बाकीची वाचतील. सांभाराला काही मारू नका, पंधरा-वीस दिवसांत कापूनच खायचाय तो.

फवारा मारायचाच झाला तर निंबोळीचा. आणि सध्या जून-जुलैत तर नागपुरात कुठल्याही कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो, पैसे कशाला द्यायचे? पिकलेल्या वेचा, गर चोळून धुऊन टाका, बिया सावलीत वाळवा, उन्हात नाही. ५० ग्रॅम बियांचा जाडसर भुगा १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा, चिमूटभर साबण टाका, झाला ५ टक्के निंबोळी अर्क, शेतकरी वापरतात तोच. भिजवलेलं भांडं झाकून, उंचावर. त्याच दिवशी संपवायचा, साठवला की उतरतो, आणि मारायचा संध्याकाळी, कारण त्यातला किडीवर काम करणारा घटक, अ‍ॅझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर नासतो. बिया पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका, जुन्या बियांत दम राहत नाही. तयार कडुनिंबाचं तेल वापरत असाल तर १ लिटरला ५ मिली, आधी साबणात फेटून मग पाणी. एप्रिल-मे मध्ये, त्यातही नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना, तेल किंवा साबण दोन्ही झाडाला देऊ नका, ४५ डिग्रीत पानं भाजून निघतात, तेव्हा फक्त पाण्याचा मारा.

निंबोळी अर्क कीड पटकन मारत नाही, तिचं खाणं कमी करतो, वाढ खुंटवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून डबल डोस मारायचा नाही, सात-आठ दिवसांनी परत मारायचा. मांजरांना पान वाळेपर्यंत घरात ठेवा. आणि कडुनिंब नॅचरल आहे म्हणून तेच तेल मांजराच्या अंगाला पिसवांसाठी चोळायचं हे कोणी सांगितलं तरी करू नका, पानावर पातळ फवारणं वेगळं आणि केसाळ अंगावर घट्ट तेल चोळून ते चाटायला देणं वेगळं.

मांजरांना हिरवं चघळायची सवय असतेच, त्यासाठी एका पसरट कुंडीत गहू पेरून जवारे वाढवा, नवरात्रात घटाला करतो तसे, आणि त्या कुंडीवर कधीच काही मारू नका. तिला तिची हक्काची कुंडी मिळाली की मिरचीच्या पानांकडे फिरकणं बरंच कमी होते.

बाजारातलं काही हवंच असेल तर अळ्यांसाठी बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आणि मावा-मिलीबगसाठी व्हर्टिसिलियम किंवा बिव्हेरिया. पहिला जिवाणू, बाकीच्या बुरशी, कीड आजारी पाडणाऱ्या, कुत्र्या-मांजरांना लेबलप्रमाणे वापरल्यास त्रास नाही. बुरशीवाल्यांना ओलावा लागतो, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात कामाच्या, मे महिन्यात पैसे पाण्यात. घेताना एक्स्पायरी बघा, दुकानदारानं उन्हात मांडून ठेवलेलं पाकीट घेऊ नका.

पिवळे चिकट कागद पांढऱ्या माशीला छान, पण मांजराच्या शेपटीला चिकटला तर घरात तमाशा होतो, तारेला उंच टांगा. चिकटलाच तर ओढायचा नाही, फल्ली (शेंगदाणा) तेल चोळून सोडवायचा.

तुम्ही विचारलं नाही पण खताचं सांगतो, कारण फवाऱ्याची काळजी घेणारे लोक इथे हमखास फसतात. एरंडीची पेंड. ऑरगॅनिक म्हणून विकतात, मिक्स खतांच्या पाकिटातही असते, आणि एरंडीत रायसिन नावाचं अत्यंत जहाल विष असते, पेंडीत ते उरू शकते. वासाला कुत्र्यांना भारी आवडते, त्यात कोणी हाडांची पावडर मिसळली तर मग शेरूसाठी जेवणच वाढलं की हो तुम्ही. दोन्ही नको. निंबोळी पेंड घ्या, कडू असते म्हणून सहसा तोंड लावत नाहीत, तीसुद्धा वर न पसरवता मातीत मिसळून द्या, सोबत गांडूळखत.

तसंच पावसात गोगलगाई निघतील, त्यांच्यासाठी निळे-हिरवे दाणे मिळतात ते मेटाल्डिहाइडचे असतात, कुत्रे ते खातात आणि फिट्स येऊन मरतात. त्याऐवजी संध्याकाळी ओलं बारदान कुंड्यांजवळ अंथरा, सकाळी उचला, खाली गोळा झालेल्या असतात, ग्लोव्हज घालून साबणाच्या पाण्यात टाका, त्या बकेटीवर झाकण.

कूलरच्या टाकीत काहीही टाकू नका, रॉकेल नाही, फिनाईल नाही, मांजर तेच पाणी पिते ना. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, कडा ब्रशनं घासायच्या कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, दिवसभर कोरडी ठेवायची. पाऊस सुरू झालाच आहे, कूलर लागत नसेल तर सरळ पुसून ठेवून द्या. मांजरीला पाण्याचं पसरट भांडं दुसऱ्या जागी, रोज बदलून.

आता वर म्हटलं ते डॉक्टरचं. लाळ गळणं, थरथर, लडखडणं, डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, फिट, यातलं काहीही दिसलं तर घरी बसून दूध, तूप, मिठाचं पाणी पाजायचं नाही, उलटी काढायची नाही, बऱ्याच विषांचा त्यानं उलट जास्त त्रास होतो आणि मीठच वेगळं नुकसान करते. अंगाला लागलेलं असेल तर आणि जनावर शुद्धीवर असेल तरच कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं पटकन धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि निघा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाहीतर तुमचा जवळचा डॉक्टर, निघताना फोन करून कोण उघडं आहे ते विचारा, हे नंबर आजच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आणि डबा सोबत न्या, निदान लेबलचा फोटो. ऑर्गनोफॉस्फेट (डायक्लोरव्हॉस, फोरेट ज्या गटातले तो) असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात, पायरेथ्रॉइड असेल तर उपचार वेगळा, थरथर थांबवायची औषधं आणि सलाईन. लाळ आणि थरथर दोन्हीत दिसते, मग डॉक्टर काय बघून ठरवणार? म्हणून म्हटलं, ती बाटली आधी परत करा, आणि नर्सरीवाल्यानं दुसरं काही दिलं तर म्हणावं लेबलसकट दे, नाहीतर राहू दे.